उरणचा वायू, पाच कारखाने आणि एक प्रश्न

१९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं आणि चार वर्षांत समुद्राखालच्या नळांनी ते उरणच्या किनाऱ्याला पोचलं. तेलाबरोबर वायूही आला. सुरुवातीला त्यातला बराचसा समुद्रातच जाळून टाकावा लागे, कारण घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. पुढच्या वीसेक वर्षांत मात्र त्या वायूवर, किंवा त्यातून वेगळ्या काढलेल्या घटकांवर, रायगडच्या किनारपट्टीत कारखान्यांची रांग लागली. थळला खत, नागोठण्याला प्लास्टिकचा कच्चा माल, साळाव आणि डोलवीला स्पंज आयर्न (खनिजातून न वितळवता काढलेलं लोखंड), उसरला एलपीजी. उरणपासून सरळ रेषेत मोजलं तर यातलं कुठलंच ठिकाण पन्नास किलोमीटरच्या पलीकडे नाही.

यातल्या एकाही कारखान्याचा मालक उद्योगात नवखा नव्हता. थळ काढलं राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने, म्हणजे आरसीएफने; ट्रॉम्बेला ती आधीपासून खत बनवत होती. नागोठणे काढलं वडोदऱ्याच्या आयपीसीएलने. साळावचा विक्रम इस्पात हा ग्रासिमचा उद्योग. ग्रासिम तोवर कृत्रिम धागा आणि सिमेंटसाठी ओळखली जाई. डोलवीच्या इस्पात समूहाचा जुना धंदा पत्रे लाटण्याचा आणि त्यांवर जस्त चढवण्याचा. उसरची गेल ही देशभर वायूचे नळ टाकणारी सरकारी कंपनी. सगळ्यांच्या गाठीशी पैसा, पत आणि अनुभव होता. मुख्य तंत्रज्ञान बहुतेकांनी परदेशी परवान्यावर आणलं. वायू एकाच दारातून आला.

आणि तरी आज पाहिलं तर थळ मूळ मालकाकडे आहे आणि खत बनवतं आहे. नागोठणे रिलायन्सकडे गेलं. डोलवी जेएसडब्ल्यूकडे गेलं आणि कितीतरी पटींनी वाढलं. साळावचे मालक दोनदा बदलले. उसरला गेल आता वेगळाच धंदा मांडते आहे. जुन्या कंपनीच्या पोटी नवा उद्योग जन्माला येतो तेव्हा घरात साठलेलं ज्ञान त्याला कितपत तारतं, हा प्रश्न विचारायला इतकी सोयीची जागा महाराष्ट्रात दुसरी क्वचितच सापडेल.

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नावर चाळीसेक वर्षं लिहिलं जात आहे. रॉबर्ट बर्गेलमन यांनी १९८३ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीतले नवे उद्योग आतून पाहिले. त्यांना दिसलं ते असं की नवी कल्पना खालच्या फळीतल्या माणसांच्या हट्टाने पुढे सरकते, मधली फळी तिची वकिली करते, आणि वरच्यांचं धोरण बऱ्याचदा मागाहून तिला जुळवून घेतलं जातं. १९९० मध्ये वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेविन्थल यांनी म्हटलं की बाहेरचं ज्ञान उचलायलाही घरात त्याच जातकुळीचं ज्ञान आधी असावं लागतं. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला काय विकत घ्यावं हेही कळत नाही. त्यानंतर दोनच वर्षांत डोरोथी लिओनार्ड-बार्टन यांनी नाण्याची दुसरी बाजू दाखवली. कंपनीची जी सर्वांत मोठी ताकद, तीच नव्या कामात सर्वांत मोठा अडसर होऊ शकते. गॅब्रिएल झुलान्स्की यांनी १९९६ मध्ये एकाच कंपनीच्या दोन विभागांत चांगली पद्धत सहजी का पोचत नाही हे तपासलं. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे माणसांची अनिच्छा हे मुख्य कारण नव्हतंच. घेणाऱ्याची कुवत अपुरी पडते, देणाऱ्यालाही आपलं नेमकं काय चाललं म्हणून यश आलं हे सांगता येत नाही, आणि दोघांचे संबंध ताणलेले असतात. विजय गोविंदराजन आणि ख्रिस ट्रिम्बल यांनी २००५ मध्ये हे सगळं तीन क्रियापदांत बसवलं : नव्या उद्योगाने मूळ कंपनीचं काही विसरावं, काही उसनं घ्यावं आणि उरलेलं स्वतः शिकावं.

हे वाचायला सोपं आहे. अवघड आहे ते कुठलं विसरायचं आणि कुठलं उसनं घ्यायचं हे ठरवणं. मराठी वाचकाला याचं एक घरगुती उदाहरण आठवेल. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर बनत होते. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, ती कारखान्याची आणि गिऱ्हाइकांची बातमी देण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांनी तिचं 'किर्लोस्कर' मासिक केलं, पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' काढली, आणि नांगराच्या कारखान्यातून मराठीतलं एक मातब्बर प्रकाशन उभं राहिलं. कारखान्याकडून उसनं घेतलं ते गावोगाव पसरलेलं गिऱ्हाईक आणि वेळेवर माल पोचवण्याची शिस्त. नांगर विकण्याचा हेतू मात्र विसरावा लागला. तो धरून ठेवला असता तर ते जाहिरातीचं पत्रकच राहिलं असतं.

रायगडच्या किनाऱ्यावरचं या विषयातलं सर्वांत जुनं आणि माझ्या मते सर्वांत नमुनेदार उदाहरण मात्र कारखान्याचं नाहीच. ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचं आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची जी नोंद तिथे झाली, तिचा अभ्यास आजही जगभर होतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. इमारत पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण आपल्याकडच्या काळ्या कातळात चुंबकीय खनिज असतं. १९०४ मध्ये अलिबागला काम सुरू झालं. कुलाबा मात्र लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो ते त्यामुळे कळलं, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला न तुटता जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये, म्हणजे हे सगळं आटोपल्यावर.

त्या दोन वर्षांचा खर्च कुठल्याही हिशेबनिसाने फुकट म्हणून लाल शाईने खोडला असता. एकच काम दोन ठिकाणी, दोन माणसं, दोन यंत्रं. पण जुन्या घरातलं ज्ञान नव्या घरात नेण्याची ती किंमत होती, आणि ती आधीच मोजली गेली. जुनी आणि नवी शाखा काही काळ शेजारी-शेजारी चालवून एकमेकींशी ताडून पाहणं याला अजूनही चांगला पर्याय मिळालेला नाही. बहुतेक कंपन्या ते टाळतात आणि मग पाचसहा वर्षांनी त्याच पैशात सल्लागार नेमतात.

आता थळ. आरसीएफ १९७८ मध्ये भारतीय खत महामंडळाची फेररचना होऊन जन्मली; ट्रॉम्बेचा कारखाना त्याआधीचा, १९६५ चा. थळच्या वेळी वाद झाला तो वायूवरून किंवा जमिनीवरून नव्हे, ज्ञान कुणाकडून घ्यायचं यावरून. अमोनियाच्या तंत्रज्ञानासाठी आधी अमेरिकेच्या सी. एफ. ब्राऊनची निवड झाली होती. १९८० मध्ये दिल्लीत सरकार बदललं, फेरविचार झाला आणि काम डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सोकडे गेलं. जागतिक बँकेने कर्ज मागे घेतलं. 'थळ-वायशेत' हे नाव तेव्हा संसदेत आणि वर्तमानपत्रांत बराच काळ गाजत होतं. त्या वादात कोण बरोबर होतं यावर आजही दोन मतं असतील. एवढं खरं की वाद घालायला पुरेसं शहाणपण देशात होतं. सिंद्रीला खत महामंडळाचा नियोजन व विकास विभाग अनेक वर्षं उत्प्रेरकं बनवत होता, आराखडे करत होता, आणि परदेशी कंपनीच्या कागदात काय लिहिलंय नि काय लिहिलेलं नाही हे वाचणारी माणसं तयार झाली होती. कोहेन-लेविन्थल यांच्या सिद्धांताला इतका बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

कारखाना १९८५ मध्ये उत्पादनात आला. अमोनिया टॉप्सोच्या पद्धतीने, युरिया इटलीच्या स्नॅमप्रोजेट्टीच्या. त्या काळच्या देशातल्या सर्वांत मोठ्या खत कारखान्यांत त्याची गणना झाली. ट्रॉम्बेलाही १९८२ मध्ये वायूवर चालणारं अमोनियाचं मोठं युनिट सुरू झालं होतं, म्हणजे समुद्राच्या वायूशी आरसीएफची ओळख थळच्या आधीच झाली होती.

ही ओळख म्हणजे काय ते जवळून पाहायला हवं. अमोनियाच्या कारखान्यात रिफॉर्मर नावाची मोठी भट्टी असते. तिच्यात उत्प्रेरक भरलेल्या उभ्या नळ्यांच्या रांगा असतात आणि बाहेरून आग. भट्टीच्या भिंतीला छोटी झाकणं असतात. पाळीवरचा माणूस झाकण उघडून आत डोकावतो आणि नळ्यांचा रंग पाहतो. सगळीकडे सारखा रंग असेल तर ठीक. एखाद्या नळीवर जास्त तेजाळ पट्टा दिसला तर तिथे उत्प्रेरक बसलं आहे किंवा वायू नीट वाहत नाही, आणि ती नळी लवकरच फुटणार. पॅनलवर तापमानाचे आकडे असतात, पण प्रत्येक नळीचा आकडा नसतो. तो पट्टा ओळखणारी नजर परवान्याबरोबर येत नाही. ती जुन्या प्लांटमध्ये दहा वर्षं घालवलेल्या माणसाबरोबर येते, आणि तो नव्या माणसाला शेजारी उभा करून दाखवतो तेव्हाच पुढे जाते. आरसीएफ थळला अमोनियापाठोपाठ मिथाइल अमाइन्स आणि त्यांपासूनची रसायनंही बनवू लागली. शेजारच्या शेजारी पाऊल टाकत जाण्याचा हा प्रकार. यात मोठी उडी नाही, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी लिहितही नाही.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. थळ टिकलं त्याचं श्रेय एकट्या ज्ञानाला देता येणार नाही. युरियाला सरकारी अनुदान आहे. वायू कमी पडला तेव्हा वाटपात खताला पहिला मान मिळाला आणि पोलाद रांगेत मागे राहिलं. साळावच्या आणि डोलवीच्या हिशेबात हे विसरून चालणार नाही. व्यवस्थापनाची पुस्तकं सरकारी वाटप हा विषय सहसा बाजूला ठेवतात; आपल्याकडे तो बाजूला ठेवला तर अर्धी गोष्ट हरवते.

नागोठण्याची गोष्ट गुंतागुंतीची आहे. आयपीसीएल १९६९ ची, आणि वडोदऱ्याला तिने संशोधनाची चांगली बैठक बसवली होती. १९८५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेलं 'एन्सिलाइट' हे उत्प्रेरक एसीसी या सिमेंट कंपनीने बनवलं आणि आयपीसीएलने वडोदऱ्याच्या कारखान्यात वापरलं. सिमेंटवाल्यांनी उत्प्रेरक बनवावं हीदेखील या लेखाच्या विषयातली गोष्ट आहे, पण ती इथे आवरतो. सांगायचं ते हे की नागोठण्याला येणारी कंपनी परक्याच्या ज्ञानावर पूर्ण विसंबलेली नव्हती. तरीही ५ नोव्हेंबर १९९० रोजी तिथे वायूगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. प्लांट नवा होता, त्याच्या बारीकसारीक खोडी अजून कुणाच्या अंगवळणी पडायच्या होत्या. मूळ कंपनीकडे ज्ञान असणं आणि ते नव्या जागी, प्रत्येक पाळीवर, प्रत्येक झडपेपाशी हजर असणं, या दोहोंतलं अंतर इतकं महाग पडू शकतं. नव्या उद्योगांच्या वाढीवर लिहिणारे लोक उलाढाल आणि नफा मोजतात. रसायनांच्या पट्ट्यात पहिली मोजणी सुरक्षिततेची असायला हवी.

२००२ मध्ये निर्गुंतवणुकीत आयपीसीएल रिलायन्सकडे गेली आणि २००७ मध्ये तिच्यात विलीन झाली. बॉम्बे हायचा वायू जुना होत चालला, तसा त्यातून मिळणाऱ्या इथेनचा, म्हणजे नागोठण्याच्या कच्च्या मालाचा, प्रश्न आला. रिलायन्सने तो अमेरिकेतून इथेन आणून सोडवला. त्यासाठी खास सहा मोठी जहाजं बांधून घेतली, दहेजला धक्का केला आणि तिथून नळाने इथेन हजिऱ्याला आणि नागोठण्याला पोचवला. २०१७ पासून हे सुरू आहे. यातलं नवं ज्ञान रसायनशास्त्राचं नव्हतं. ते जहाजांचं, दीर्घ मुदतीच्या करारांचं आणि अतिथंड द्रव हाताळण्याचं होतं. नागोठण्याच्या एकट्या कारखान्याला ते कधीच परवडलं नसतं. अनेक कारखाने हाती असलेल्या मालकाला परवडलं. ज्ञानाची कुवत आणि तिजोरीची कुवत इथे एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही, आणि जे अभ्यासक काढू पाहतात त्यांच्याबद्दल मला शंका वाटते.

साळाव आणि डोलवी मात्र शेजारी ठेवूनच वाचावेत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला ग्रासिमने १९९३ च्या सुमारास मेक्सिकोच्या एचवायएल पद्धतीचा कारखाना सुरू केला. लोहखनिजाच्या गोळ्या समुद्रमार्गे येत, वायू उरणहून येई, आणि तयार होई तो लोखंडाचा तापवून दाबलेला ठोकळा, जो विजेच्या भट्ट्यांत भंगाराऐवजी वापरतात. ग्रासिमला अहोरात्र चालणाऱ्या रासायनिक प्रक्रियेची सवय होती आणि स्पंज आयर्न हीही मुळात वायूची रासायनिक प्रक्रियाच. त्यामुळे कारखाना चालवणं तिला जड जाण्याचं कारण नव्हतं. तो तिने सोळा वर्षं चालवला. पण तो घरात एकटा होता. ठोकळा वितळवणारी स्वतःची पोलाद भट्टी नाही, कोक भट्टी नाही, दुसरा कुठला वायू हाताळायचा अनुभव नाही. उरणचा वायू आटला आणि महागला तेव्हा ग्रासिमपाशी उत्तर नव्हतं. २००९ मध्ये तिने हा उद्योग वेलस्पनला विकला. वेलस्पनकडून २०१४ मध्ये जेएसडब्ल्यूने घेतला.

डोलवीची सुरुवात याच्या उलट होती. इस्पातने १९९४ मध्ये मिडरेक्स पद्धतीचं स्पंज आयर्न सुरू केलं आणि पुढच्या पाचसहा वर्षांत पातळ पट्टी थेट ओतण्याचं तंत्र, वीज आणि प्राणवायू दोन्हींवर चालणारी कॉनआर्क भट्टी, वर झोतभट्टी, अशी नवलाई एकावर एक रचली. ज्ञानाची भूक होती, हे मान्य. पत्रे लाटणाऱ्या कंपनीने एवढ्या नव्या गोष्टी एकदम अंगावर घेणं हे, माझ्या मते, शिकण्याच्या वेगापेक्षा कर्जाचा वेग जास्त होण्याचं उदाहरण आहे. डिसेंबर २०१० मध्ये डोलवी जेएसडब्ल्यूच्या ताब्यात गेलं.

जेएसडब्ल्यूने तिथे काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. आंबा नदीच्या नावाने 'आंबा रिव्हर कोक' ही उपकंपनी काढून कोक भट्ट्या आणि गोळ्यांचा कारखाना उभा केला. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजला की जो वायू सुटतो त्यात निम्म्याहून अधिक हायड्रोजन असतो. बहुतेक ठिकाणी तो इंधन म्हणून जाळतात. डोलवीत तो स्पंज आयर्नच्या भट्टीत सोडून नैसर्गिक वायूची गरज काही अंशी भागवली. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या वायूत डांबर, बेंझीन, गंधक असतं. ते किती काढायचं, कुठल्या टप्प्यावर सोडायचं, भट्टीतल्या कार्बनचा तोल कसा राखायचा, हे सगळं नव्याने बसवावं लागतं. हे धाडस कंपनीला झालं, कारण कर्नाटकात विजयनगरला तिने वर्षानुवर्षं कोरेक्स या लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचा वायू हाताळला होता. आधी त्यावर वीज केली, आणि नंतर तोच वायू वापरून स्पंज आयर्नही बनवलं. वायूची ती समज विजयनगरहून डोलवीला आली. डोलवीची क्षमता २०१६ मध्ये ५० लाख टन आणि २०२१ मध्ये १ कोटी टन झाली.

आता साळाव. ज्या कारखान्याकडे दोन मालकांनी पाठ फिरवली, तिथेच जेएसडब्ल्यूने युरोपच्या कार्बन कराकडे नजर ठेवून हरित पोलादाचा प्रकल्प जाहीर केला आहे. वायूवर चालणाऱ्या भट्टीत उद्या हायड्रोजन वापरता येईल, हे त्यामागचं गणित. प्रत्यक्षात किती उतरतं ते दिसेलच. पण १९९३ चं कालबाह्य वाटलेलं कौशल्य तीस वर्षांनी पुन्हा कामाचं ठरतं आहे. कारखाना मोडीत काढला असता तर हे कौशल्यही भंगारात गेलं असतं.

डोलवीच्याच अंगणात आणखी दोन नवे उद्योग वाढले. झोतभट्टीची मळी दळून सिमेंटला पुरवणारी जेएसडब्ल्यू सिमेंट, डोलवी घेण्याआधीच, २००९ मध्ये, धंद्यात उतरलेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये शेअर बाजारात आलेली. दुसरा जास्त मनोरंजक, बंदराचा. धरमतरच्या खाडीत मोठं जहाज येऊ शकत नाही. माल जयगडला किंवा मुंबईजवळच्या समुद्रात लहान जहाजांत आणि बार्जेसमध्ये उतरवायचा आणि भरतीच्या पाण्यावर खाडीत आणायचा. उधाणाला किती पाणी चढतं, भांगाला कुठे गाळ लागतो, पावसाळ्यात नदीची ओढ कशी बदलते, हे सगळं वेळापत्रकात बसवावं लागतं. घरचा कोळसा नि खनिज उतरवता उतरवता कंपनी हे शिकली. तशी बंदराच्या धंद्यातली तिची सुरुवात गोव्याला मुरगावच्या धक्क्यावर झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चर बाजारात नोंदली गेली तेव्हाही तिचा बहुतांश माल घरचाच होता; पण त्याच वर्षी तिने धरमतरच्याच खाडीतल्या पीएनपी बंदरात निम्म्याहून एक शेअर जास्त घेतला, बाहेरच्यांचा माल वाढवण्यासाठी. स्वतःच्या कारखान्याचं काम म्हणून सुरू झालेली सेवा इतरांना विकायला लागते तेव्हाच तो खरा उद्योग झाला, असं मी मानतो. घरचं गिऱ्हाईक चुका पोटात घालतं. बाहेरचं घालत नाही.

उरणच्या अंगाला न्हावा-शेवा आहेच. २६ मे १९८९ ला सुरू झालेल्या या बंदराने १९९९ मध्ये खाजगी टर्मिनल शेजारी येऊ दिलं, पुढे स्वतःचं टर्मिनलही २०२२ मध्ये खाजगी चालकाकडे दिलं आणि आता ७४ टक्के भागीदारीने पालघरचं वाढवण बंदर उभारायला घेतलं आहे. माल चढवण्या-उतरवण्यापेक्षा बंदर वसवणं हीच त्याची विद्या ठरली. याच भागातल्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, हे या हिशेबात धरायलाच हवं.

कारण या आढाव्यात वारंवार जाणवणारी उणीव हीच आहे. वर जे ज्ञान मोजलं ते सगळं कंपनीच्या चार भिंतींतलं. भिंतीबाहेरच्या ज्ञानाला कुणी विचारलं नाही. खाडीची भरती-ओहोटी तांडेल आणि खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. मिठागरं आणि खारबंदिस्ती सांभाळणाऱ्यांना कुठला बांध केव्हा फुटतो ते ठाऊक असतं. प्रकल्पग्रस्तांना नोकऱ्या दिल्या त्या बहुधा शिपाई, मदतनीस, सुरक्षारक्षक म्हणून. जाणकार म्हणून क्वचितच. भिंतीच्या आतही परिस्थिती बिकट होते आहे. देखभालीचं काम कंत्राटावर जातं, कंत्राट बदललं की फिटर बदलतो, आणि त्या पंपाच्या खोडी ज्याला माहीत होत्या तो दुसऱ्या कंपनीच्या फाटकात उभा असतो. लॉगबुकात 'पंप दुरुस्त केला' एवढंच राहतं.

पुढची कसोटी उसरला आहे. जिथे गेलचा एलपीजी प्रकल्प होता, तिथे ती आता प्रोपेनपासून प्रोपिलीन आणि त्यापासून पॉलिप्रोपिलीन बनवण्याचा प्रकल्प उभारते आहे, वर्षाला ५ लाख टनांचा. तंत्रज्ञान लमस कंपनीचं कॅटोफिन. त्यात काटेकोर वेळापत्रकाने चालणाऱ्या रिअॅक्टरांची रांग असते. काही मिनिटं प्रोपेनमधून हायड्रोजन काढायचा, मग उत्प्रेरकावर साचलेला कार्बन जाळायचा, पुन्हा पहिलं काम. तापलेल्या मोठ्या झडपा दिवसभर उघडझाप करत राहतात. भारतात या प्रकारच्या कामाचा पूर्वानुभव जवळजवळ नाहीच. प्रोपेन येणार उरणहून, पण समुद्रातून काढलेला नव्हे, आयात केलेला. त्यासाठी २०२३ मध्ये भारत पेट्रोलियमशी पंधरा वर्षांचा करार झाला आहे, वर्षाला ६ लाख टनांचा. गेलपाशी उसना घ्यायला उत्तर प्रदेशातल्या पाताच्या कारखान्याचा १९९९ पासूनचा अनुभव आहे. त्यातला पॉलिमर बनवण्याचा आणि विकण्याचा भाग उपयोगी पडेल. रिअॅक्टरांचा भाग नव्याने शिकावा लागेल, आणि नळ टाकणाऱ्या कंपनीची 'वायू आला की पुढे ढकल' ही सवय तर विसरावीच लागेल.

थळ सुरू होऊन चाळीस वर्षं झाली. ते सुरू करणारी माणसं निवृत्त होऊन अलिबाग, पेण, रोह्याच्या आसपास स्थायिक झाली आहेत. नागोठण्याच्या आणि साळावच्या पहिल्या फळीचंही तसंच. लोणेऱ्याला १९८९ पासून तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकवली जाते. या माणसांना बोलावून, त्यांच्या पाळीच्या वह्या आणि आठवणी मराठीत उतरवून घेण्याचं काम विद्यापीठाने आणि कंपन्यांनी मिळून करावं, आणि उसरची भट्टी पेटण्याआधी करावं. वाचकांपैकी कुणी त्या काळी यातल्या एखाद्या प्लांटवर पाळी केली असेल, तर वही जपून ठेवा आणि विद्यापीठाने बोलावण्याची वाट न पाहता लिहायला बसा.